सोऱ्या, चकत्या आणि आजीचा आवाज

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात दरसाल एक शोधमोहीम निघते. शोधायचा असतो तो सोऱ्या. नाशिकच्या भांडीबाजारातून आईने चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला हा पितळी सोऱ्या वर्षातले अकरा महिने अज्ञातवासात असतो. यंदा मात्र प्रकार उलटा झाला. सोऱ्या पहिल्या फटक्यात सापडला, पण त्याच्या चकत्या गायब! शेवेची बारीक भोकांची, पापडीची चपट्या फटीची, चकलीची चांदणीची, सगळ्या गेल्या. चकतीवाचून सोऱ्या म्हणजे पितळेची नुसती नळी. आत पीठ भरा, दांडा दाबा, बाहेर येईल तो निव्वळ गोळा.

सौ. म्हणाली, "अहो, तुमच्या त्या कॉम्प्युटरात बघा ना. तिथं म्हणे हरवलेलं सगळं सापडतं!"

या टोमण्याला पार्श्वभूमी आहे. गेल्या श्रावणात मी, मराठीचा एक साधा प्राध्यापक, रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागून संगणकाला 'चकत्या' बसवीत होतो. त्या चकत्यांना संगणकवाले प्लगिन म्हणतात. ती हकीकत वाचकांना सांगावी असे वाटते. कारण असा गुंता थोड्याफार फरकाने आज पुष्कळ घरांत पडून आहे.

एक पाहुणा

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी एक तरुण दारात उभा राहिला. वय तिशीच्या आसपास. सातपूरच्या कारखान्यात नोकरी, गाव सिन्नर तालुक्यातले.

"सर, आमच्या आजीचा आवाज तुमच्याकडं आहे म्हणतात."

मला क्षणभर काही कळेना. मग उलगडा झाला. माझ्या कॉलेजात माझ्या आधी मराठी शिकवीत ते आमचे सर. मी त्यांचा विद्यार्थी, मग सहकारी. सरांनी १९९८ ते २००३ या काळात विद्यार्थ्यांना हाताशी धरून सिन्नर, इगतपुरी, दिंडोरी या तालुक्यांतल्या गावांत जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतल्या होत्या. एकतीस कॅसेटी भरल्या. त्यांतल्या एकीवर या मुलाची आजी होती. ती या वैशाखात वारली. घरात तिचा एक फोटो आहे, तोही लग्नातल्या घोळक्यातला. सरांनी टेप केल्याचे गावात कुणीतरी आठवून सांगितले आणि नातू शोधत शोधत माझ्यापर्यंत आला. वर्षश्राद्धाच्या आत आवाज मिळाला तर गावातल्या सगळ्यांना ऐकवीन म्हणाला.

असले काम आपल्याकडे मोठ्या प्रमाणावरही झालेले आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या संगणकीय नोंदीला आकार दिला आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या लोकांपुढे येत आहेत. आमच्या सरांचे काम त्यापुढे ओंजळभर. पण ज्याची आजी त्या ओंजळीत असते त्याला तीच गोदावरी!

मी मुलाला म्हटले, "आहे. शोधून देतो. पंधरा दिवसांनी ये."

आहे खरे, पण कुठे? ते मलाच ठाऊक नव्हते.

पाटी गेली, कोरीव नाव राहिले

झाले होते असे. २००५ साली सरांच्या एका विद्यार्थ्याने सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवून त्यांच्या एमपी-थ्री फाइली केल्या. कॅसेटी पुढे बुरशीने गेल्या. २०१४ साली सर गेले. त्यांचा संगणक माझ्याकडे आला तो आजारी अवस्थेतच. वर्षभरात त्याची डिस्क बसली. एका दुकानदाराने खटपट करून तिच्यातला माल बाहेर काढून दिला, पण तो कसा? सहाशे बारा ध्वनिफाइली आणि तीनशेच्या वर लेखी कागद, सर्वांची नावे फाइल १, फाइल २, फाइल ३ अशी! कपाट पुरात बुडावे आणि सारे कागद वाचावेत, पण एकाही पाकिटावर पत्ता राहू नये, तसे.

यात दुकानदाराची चूक नव्हती, हे मला आता कळते. फाइलचे नाव फाइलच्या आत नसते. ते डिस्कवरच्या वेगळ्या सूचीत असते. सूची खराब झाली की मजकूर शाबूत राहूनही नाव जाते. डब्यावर चिकटवलेली कागदी चिठ्ठी धुण्यात निघून जावी तसे ते. पण आपल्या आया भांड्यांवर नाव कोरून घेत असत ना? भांडीबाजारात आजही टकटक आवाज करीत नावे घालून मिळतात. ते नाव मात्र भांडे आहे तोवर राहते.

एमपी-थ्री फाइलींनाही असे कोरीव नाव असू शकते, हे मला माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितले. हा मुलगा एम.ए. मराठी करतो आणि संगणकातही त्याला चांगली गती आहे. १९९६ साली एरिक केम्प नावाच्या गृहस्थाने युक्ती काढली, की ध्वनिफाइलच्या अगदी शेपटीला १२८ बाइटांची एक जागा राखायची. तीस अक्षरे शीर्षकाला, तीस गाणाऱ्याला, तीस संग्रहाच्या नावाला, चार सालाला, तीस शेऱ्याला. पुढे शेऱ्यातलीच दोन अक्षरे कापून तिथे गाण्याचा अनुक्रमांक बसवला गेला. आमच्या २००५ च्या विद्यार्थ्याने ही शेपटी भरली असेल, तर आजी सापडणार होती.

"पण सर," मुलगा म्हणाला, "सहाशे बारा शेपट्या एकेक करून वाचायच्या नसतील, तर तुम्हाला टोटल कमांडर घ्यावा लागेल. आणि त्याला प्लगिन."

दोन खिडक्यांचे घर

हा टोटल कमांडर म्हणजे फाइलींची उचलठेव करणारा कारभारी. त्याचे कूळ जुने आहे. १९८६ साली जॉन सोचा या कार्यक्रमकाराने 'नॉर्टन कमांडर' काढला. निळ्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन रकाने. डावीकडून उचला, उजवीकडे ठेवा. ही कल्पना इतकी सोयीची ठरली की देशोदेशी तिची भावंडे निघाली. मेक्सिकोच्या मिगेल दे इकासाने १९९४ मध्ये 'मिडनाइट कमांडर' केला; रशियाच्या यूजीन रोशालने 'फार'. स्वित्झर्लंडच्या ख्रिस्तियान गिस्लरने १९९३ मध्ये 'विंडोज कमांडर' आणला. 'विंडोज' या शब्दावर मायक्रोसॉफ्टने हक्क सांगितल्यावर २००२ साली त्याचे बारसे पुन्हा झाले आणि तो 'टोटल कमांडर' झाला. महिनाभर तो फुकट वापरून पाहता येतो. पुढे पैसे भरावेत अशी अपेक्षा असते. तोवर दर खेपेला उघडताना तो एक, दोन, तीन यांपैकी अमुक आकडा दाबा म्हणून अडवतो. पूजा आटोपल्यावर गुरुजी दक्षिणेची सूचक आठवण करतात, तितक्याच सौम्यपणे. मी दक्षिणा देऊन टाकली.

वापरायला तो सोपा आहे. टॅबची कळ दाबली की या रकान्यातून त्या रकान्यात जाता येते. एफ ३ दाबले की फाइल न उघडता आत डोकावता येते, एफ ५ ने नक्कल, एफ ६ ने स्थलांतर. ऑल्ट आणि एफ ७ एकदम दाबले की शोध सुरू.

पण त्याचे खरे मर्म चकत्यांत. गिस्लरसाहेबांनी सोऱ्या केला आणि त्याच्या तोंडाचे माप जाहीर करून टाकले. या मापात बसेल अशी चकती जगात कुणीही घडवावी! आणि लोकांनी वर्षानुवर्षे हौसेने त्या घडवल्या.

या चकत्यांचे प्रकार चार. पहिला प्रकार गाठोडी बांधणारा आणि सोडणारा: निरनिराळ्या पद्धतीने आवळलेल्या फाइली उघडून दाखवतो. दुसरा प्रकार दूरच्या जागा जवळ आणणारा: फोन, दुसरा संगणक किंवा दूरचा साठा हा आपल्याच घरातला कप्पा असल्यासारखा रकान्यात दाखवतो. तिसरा डोकावणारा: एफ ३ दाबल्यावर चित्र, तक्ता, कागद त्याच्या खऱ्या रूपात समोर मांडतो. आणि चौथा मजकुराचा: फाइलच्या पोटातली माहिती, म्हणजे फोटो कोणत्या दिवशी काढला, गाणे किती मिनिटांचे, शेऱ्यात काय लिहिले आहे, हे वाचून रकान्यात मांडतो. आम्हाला हवी होती ती ही चौथी.

चकती बसवताना

बसवण्याची रीत ऐकून मला वाटले, हे तर फारच सोपे. प्लगिन बहुधा एका झिप गाठोड्यात येतो. टोटल कमांडरच्या रकान्यात त्या गाठोड्यावर जाऊन एन्टर दाबायचे. आत 'प्लगिन्स्ट' नावाची छोटी चिठ्ठी असेल, तर कारभारी ती वाचतो आणि आपणहून विचारतो, "यात अमुक प्रकारचा प्लगिन आहे, बसवू का?" होय म्हणावे, कुठे ठेवायचा ते सांगावे, काम झाले. चिठ्ठी नसेल तर गाठोडे एखाद्या फोल्डरात सोडावे, पर्यायांच्या यादीत प्लगिनचे पान उघडावे आणि त्या प्रकारापुढे ती फाइल हाताने जोडून द्यावी.

मी उत्साहाने एक जुना प्लगिन उतरवून घेतला, एन्टर दाबले, होय म्हटले. कारभाऱ्याने मान हलवली! तासभर मी तेच पुन्हा पुन्हा करीत होतो. शेवटी विद्यार्थ्याला फोन केला.

"सर, तुमचा कमांडर चौसष्ट बिटांचा आहे आणि प्लगिन बत्तीस बिटांचा. बसणार नाही."

मी म्हटले, "म्हणजे मावशीच्या सोऱ्याची चकती आईच्या सोऱ्याला लावतोय मी!"

"तसंच. चौसष्टच्या चकतीच्या नावाच्या शेवटी चौसष्ट लिहिलेलं असतं. ते बघून घ्या. नाहीतर बत्तीसचा कमांडर त्याच्या शेजारीच बसवा, दोघं भांडत नाहीत."

दोन्ही मापांच्या चकत्या असलेले गाठोडे त्यानेच शोधून दिले. वर एक ताकीदही दिली आणि ती मी वाचकांना तशीच देतो. प्लगिन हा स्वतः एक छोटा कार्यक्रम असतो. आत घेतल्यावर कारभाऱ्याला जे जे करता येते ते ते सारे त्याला करता येते: वाचणे, बदलणे, पुसणेही. तेव्हा वाटेत कुणी दिला म्हणून तो घेऊ नये. ठिकाण ओळखीचे असावे, विषाणू तपासून घ्यावेत, आणि लागतील तेवढेच घ्यावेत. सोऱ्याला वीस चकत्या असल्या तरी दिवाळीला तीनच लागतात. शिवाय मूळ फाइलींची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

चकती बसली. रकान्यांची नवी मांडणी केली: नाव, लांबी, अनुक्रमांक, शेरा. सहाशे बारा ओळींपुढे शेऱ्याचा रकाना भरत गेला. ३ ए, २२ बी, ९ ए, १७ बी… त्या मुलाने प्रत्येक शेपटीत कॅसेटचा आकडा आणि बाजू कोरून ठेवली होती! वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितले नसताना केलेले हे काम. तो आता कुठे असतो मला माहीत नाही; पण त्या रात्री मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

सोऱ्यातला 'ऱ्या'

पण अर्धेच काम झाले होते. आजी कोणत्या कॅसेटीत? ते सरांच्या यादीत. यादी कोणत्या फाइलीत? ते देवाला ठाऊक. लेखी कागद तीनशे, आणि उघडावा तो कागद रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्याने भरलेला.

याचे कारण मराठीच्या संगणकीय संसाराच्या इतिहासात आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती १९९१ सालीच. पण घराघरांत ती पोचली फार उशिरा. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा टंक आला. तो आपल्या र. कृ. जोशींनी, कवी आणि अक्षरकार म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्यांनी, रेखलेला. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षे आपण जे टंक वापरले ते मुळात रोमन अक्षरांवर चढवलेले मुखवटे होते. आत रोमन अक्षर, वर 'क' चे चित्र. प्रत्येक टंकाचा मुखवटा निराळा. त्यातून ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून ती टंकतही आधीच असत. युनिकोड मात्र आधी अक्षर आणि मग वेलांटी, असा उच्चाराचा क्रम ठेवतो. टंक नाहीसा झाला की मुखवटा गळतो आणि खालचा रोमन चेहरा उघडा पडतो. अशा कागदात 'आजी' शोधली, तर ती सापडणार कशी? तिथे 'आजी' लिहिलेलीच नाही!

विद्यार्थ्याने यावरही तोड काढली. टंक संगणकात नसला तरी वर्डच्या चौकटीत त्याचे नाव दिसते. ते पाहून आम्ही सरांच्या कपाटातल्या जुन्या सीडीतून तो टंक काढून बसवला. त्यात आजीचे आडनाव टाइप केले, ते उचलून कमांडरच्या शोधाच्या चौकटीत टाकले. तिथे ते कचऱ्यासारखे दिसले. पण तोच कचरा यादीतही होता. चोराची भाषा बोलून चोर पकडावा, तसा प्रकार! पाच मिनिटांत एक फाइल वर आली. सरांची यादी. कॅसेट १७, बाजू बी, तिसरी.

जाता जाता एक गंमत सांगतो. याच भरात मी माझ्या स्वतःच्या युनिकोडमधल्या टिपणांत 'दळणाऱ्या' हा शब्द शोधला. निम्मीच टिपणे सापडली. वास्तविक सगळी माझीच, सगळी युनिकोडमधली. शोध घेतला तेव्हा कळले, की आपला हा खास मराठी 'ऱ्य' दोन रीतींनी लिहिता येतो: एक, नुक्त्याचा 'ऱ' घेऊन, दुसरी, साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला परके. मी घरी एक कळफलक वापरतो, कॉलेजात दुसरा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला भेद वर्गात घसा कोरडा करून शिकवणारा मी. माझेच 'ऱ्य' मला सापडत नव्हते! तेव्हापासून असा शब्द मी दोन्ही रीतींनी शोधतो.

दळण सरलं

पंधराव्या दिवशी नातू आला. मी शेऱ्यात '१७ बी' असलेल्या फाइली वेगळ्या काढल्या, अनुक्रमांकाने लावल्या आणि तिसरी सुरू केली.

आधी नुसती जात्याची घरघर. मग एक ठसठशीत बाई बोलली, "गप बस रं तिकडं! सर टेप करू राहिले ना!" कुणीतरी लहान मूल खिदळले. मग ओवी सुरू झाली.

साडेसात मिनिटे आम्ही दोघे ऐकत होतो. शेवटी घरघर मंदावली, थांबली. सरांचा ओळखीचा आवाज आला, "आजी, अजून एक?" आणि तिचे उत्तर आले, "आता दळण सरलं सर. मंग ओवी कुठून येईल?" पुढे कॅसेटीची खरखर.

नातू बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तो खिदळणारा मी."

मी सहज विचारले, "सुरुवातीचं बोलणं कापून नुसत्या ओव्या देऊ का?"

"नको सर," तो घाईने म्हणाला, "तेच राहू द्या. ओव्या गावात आणखीही बायांना येतात."

फाइल त्याच्या फोनमध्ये घालून दिली. मग त्या रात्री उरलेल्या सर्व फाइलींचे बारसे केले. कंट्रोल आणि एम दाबले की अनेक फाइलींना एकदम नाव देण्याचे दालन उघडते. नावाच्या जागी प्लगिनचा रकाना सांगायचा: शेरा, मग अनुक्रमांक. जुने नाव आणि होणारे नाव शेजारी शेजारी दिसते, आणि चुकले तर मागे फिरायची सोयही आहे. खरे तर विंडोजचा स्वतःचा फाइल-दर्शकही लांबी आणि शेरा दाखवू शकतो. पण शेऱ्यातला मजकूर उचलून त्याचे नाव करणे त्याला जमत नाही. ज्यांना पैसे मोडायचे नाहीत त्यांच्यासाठी 'डबल कमांडर' आहे. तो मोफत आहे, लिनक्सवरही चालतो आणि विंडोजवर यांतल्या पुष्कळ चकत्या त्यालाही बसतात.

आता एकेका बाईचे नाव यादीतून काढून फाइलीला देणे सुरू आहे. रोज दहा. ते काम कोणताही प्लगिन करीत नाही. कान देऊन ऐकावे लागते.

वाचकहो, दिवाळीची साफसफाई चालू असेल तर एवढे करा. माळ्यावरच्या कॅसेटी, खणातल्या सीडी, बंद पडलेला संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा आत डोकावा. आणि जे जपून ठेवाल त्याच्या आत कोण, कुठले, कोणत्या साली हे कोरून ठेवा. बाहेरच्या चिठ्ठीवर भिस्त ठेवू नका.

आमच्या चकत्यांचे म्हणाल, तर त्या सापडल्या. माळ्यावरच्या एका स्टीलच्या डब्यात. डब्यावर चिठ्ठी 'साबुदाणा' अशी होती. पण काठावर आईचे नाव घातलेले पाहून सौ. ने तो उघडला.